दोनदा नाही, तिसऱ्यांदा हो

आगाकाकांना चहा पाजायचा म्हणजे तीनदा विचारावं लागे. पहिल्यांदा ‘छे छे, कशाला त्रास’, दुसऱ्यांदा ‘आत्ताच झाला’, आणि तिसऱ्यांदा विचारलं की छातीवर हात ठेवून, किंचित झुकून कप घ्यायचे. मी पडले पुण्याची. पहिल्या भेटीत त्यांनी नको म्हटलं आणि मी सरळ कप उचलून आत नेला. काय चेहरा झाला होता बिचाऱ्यांचा!

इथे जपानात, एदोगावात, आमच्या इमारतीखालीच त्यांचं गालिच्यांचं दुकान होतं. तरुणपणी इराणहून आले, जपानी बायको केली, ती वारली, तरी काका इथेच राहिले. आमचं बोलणं जपानीत, दोघांचंही मोडकंतोडकं. मला ते ‘खानम’ म्हणत, म्हणजे बाईसाहेब. ‘आमच्याकडे तोंडावर नाही म्हणणं म्हणजे उद्धटपणा,’ ते मला समजावायचे. ‘दुकानदारसुद्धा आधी म्हणतो, पैसे राहू द्या. म्हणून काय खरंच राहू द्यायचे?’

काकांच्या अभिमानाचा विषय एकच, तेहरानच्या वसतिगृहातला त्यांचा मित्र. एका कोटात दोघांनी हिवाळे काढलेले. क्रांतीनंतर तो गणवेश चढवून फौजेत गेला, मग एका प्रांताचा राज्यपाल, मग खासदार, मग मंत्री, आणि शेवटी देशाच्या सगळ्या सुरक्षा यंत्रणेचा मुख्य. गडी चढतच गेला. आम्ही इथे आल्यापासून त्याच्या प्रत्येक बढतीला काका पिस्ते घेऊन आमच्या दारात हजर. ‘एवढा मोठा झाला, पण फोनवर अजून म्हणतो, तुझ्यावरून जीव ओवाळून टाकीन!’ माझ्या नवऱ्याने एकदा विचारलंच, ‘काका, त्याच्या हुकमाने किती लोक तुरुंगात गेले असतील हो?’ काकांनी हात झटकला. ‘ते राजकारण. मी माणसाला ओळखतो.’

मग तिकडे इराणात हिजाबाच्या सक्तीविरुद्ध मुली रस्त्यावर उतरल्या आणि काकांच्या बहिणीची मुलगी पकडली गेली. कॉलेजात शिकणारी पोर. काकांनी थेट मित्राला फोन लावला. ‘ती तुझी भाची नाही, माझी मुलगी आहे,’ तो म्हणाला. ‘तिच्या केसालाही धक्का लागणार नाही. तू निवांत राहा.’ आणि काका निवांत राहिले. बहीण मोठा वकील करायला निघाली होती, परदेशी वार्ताहरांशी बोलणार होती. काकांनीच तिला थांबवलं. उगाच गाजावाजा झाला तर मित्राची अडचण होईल म्हणाले. मला राहवेना. ‘काका, तो मनापासून बोललाय ना? की आपलं बोलायचं म्हणून?’ ते इतके चिडले की कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

हिवाळ्यात बहिणीला तुरुंगातून निरोप आला, मुलीचे कपडे घेऊन जा. पोरीला फाशी दिली होती, घरी न कळवता.

थोड्याच दिवसांत मित्राला आणखी वरचं पद मिळालं. दुकानातल्या टीव्हीवर तो छातीवर हात ठेवून सगळ्यांपुढे झुकत होता, अगदी काका चहा घेताना झुकायचे तसाच. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मेल्याला लाज कशी वाटली नाही! काका मात्र हळू आवाजात म्हणाले, ‘जमणार नव्हतं तर नाही म्हणायचं होतं त्याने. मी हातपाय हलवले असते, ओरडलो असतो. त्याच्या हो-वर बसून राहिलो, खानम. आणि मी इराणी आहे. मला कळायला हवं होतं.’

त्यानंतर चहाला त्यांचं एकदाच उत्तर. हवा तर हो, नको तर नको. ‘आगाकाका रागावलेत का?’ माझी लेक मला जपानीत विचारायची. काय सांगणार तिला, कप्पाळ?

यंदा नवऱ्याचं इथलं कंत्राट संपलं. सामान गेलं, घर रिकामं झालं, आणि आम्ही काकांचा निरोप घ्यायला दुकानात गेलो. माझे डोळे भरून आले होते. निघता निघता सवयीने म्हटलं, ‘पुण्याला नक्की या हं काका. आमच्याकडेच उतरायचं.’

आता छातीवर हात जाईल असं मला वाटलं. हात कोटाच्या खिशातच राहिला.

‘नाही,’ काका म्हणाले. ‘मी येणार नाही, खानम. वाट बघू नका.’