माझा एका दुपारचा लाल बेल्ट

आमच्या घरात दोन सुना आहेत आणि दोघीही कराटे शिकतात. त्यातली एक मी, हे ऐकून कुणीही हसलेलं मला चालतं. दुसरी वैशाली, माझी धाकटी जाऊ. तिचं नाव ऐकून मात्र कुणी हसत नाही, आणि माझं खरं दुखणं तेच आहे.

लकडगंजातल्या आमच्या घराजवळच्या शाळेच्या मैदानावर बायकांसाठी सकाळचा क्लास सुरू झाला. वैशाली म्हणाली, "ताई, चला ना, दोघी जाऊ!" मी गेले. सीताबर्डीहून दोन पांढरे ड्रेस आणले. तिला तो अंगावर शिवल्यासारखा बसला. मी त्यात पिठाने माखलेल्या गिरणीवाल्यासारखी दिसत होते!

नव्या माणसाला पांढरा बेल्ट मिळतो. परीक्षा पास झाली की पिवळा. आणि खालच्या बेल्टवालीने वरच्या बेल्टवालीला वाकून नमस्कार करायचा, असा तिथला नियम. (हा नियम मला पहिल्याच दिवशी फार आवडला होता. तेव्हा मी स्वतःला वरच्या बाजूला धरून चालले होते.)

परीक्षेत वैशालीने असे ठोसे मारले की सर म्हणाले, "वा!" मला म्हणाले, "भाभीजी, किक मारा, रांगोळी नका काढू!" शेवटी जोरात ओरडायचं असतं. वैशाली अशी ओरडली की भिंतीवरची कबुतरं उडाली. माझ्या तोंडून निघालं, "अगं बाई गं!" कारण कमरेत उसण भरली होती.

ती पास झाली. मी नापास.

पण घरी हे सांगायचं कसं? मी थोरली! मी सासूबाईंना सांगितलं, "सरांकडचे पिवळे बेल्ट संपले. माझा येणार आहे मागून." वैशाली शेजारीच उभी होती. तिने चकार शब्द काढला नाही. (दुसरी कुणी असती तर मी तिचे उपकार मानले असते. वैशालीचे मानवत नव्हते.) पुढे वैशालीने बेल्ट बांधलेला फोटो डीपीला ठेवला. ह्यांनी, म्हणजे माझ्या सख्ख्या नवऱ्याने, त्यावर तीन अंगठे टाकले. माझ्या वाढदिवसाला एकच टाकला होता!

आणि सासूबाईंनी अमरावतीला लेकीला फोन लावला. "रेखा, दोन्ही सुनाइले पिवळा पट्टा भेटला वं! जावईबापूले घेऊन ये, रविवारी दोघी करून दाखवतीन."

रविवारी दुपारी सगळे जेवून आडवे झाले, तेव्हा मी स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी उकळून त्यात हळद टाकली आणि वर माझा पांढरा बेल्ट सोडला. रंग असा सुंदर चढला म्हणता! वैशालीच्या बेल्टपेक्षा दोन बोटं जास्तच पिवळा! फक्त वास वरणाचा येत होता. फोडणी तेवढी राहिली होती.

वास घालवायला मी त्याला कपड्यांचा साबण लावला.

इतकी वर्षं घरातले हळदीचे डाग धुते आहे. हळदीला साबण लागला की काय होतं ते मला झोपेतही सांगता आलं असतं. पण मत्सराने डोकं फिरलं की माणूस जागेपणीही विसरतो! बघता बघता बेल्ट लाल झाला. भडक लाल! तेवढ्यात बाहेरून सासूबाईंची हाक आली, "चाला वं पोरीहो, जावईबापू उठले!"

मी तोच ओला बेल्ट पिळून कमरेला बांधला आणि हॉलमध्ये गेले.

"हे काय वं?" सासूबाई म्हणाल्या. "हा लाल काहून?"

"हा..." मी घसा साफ केला. "हा पिवळ्याच्या वरचा आहे. सरांनी मला एकदम वरचाच दिला."

"म्हंजे वैशालीच्या वर?" रेखाताईंनी विचारलं.

"मोठी आहे ना मी!"

मी वैशालीकडे पाहायचं टाळत होते. ती पुढे आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि कमरेतून वाकून मला नमस्कार केला. तिचे ओठ हसू दाबून थरथरत होते. म्हणजे हिचा चांगुलपणासुद्धा माझ्यापेक्षा एक बेल्ट वर! माझा अगदी जळफळाट झाला.

मग तिने ठोसे दाखवले, टाळ्या झाल्या. तेवढ्यावर निभावलं असतं. पण जावईबापू खुर्चीत पुढे सरकले. "आता लाल पट्टेवाल्या वहिनींची किक होऊन जाऊ द्या!"

मी होऊ दिली. डाव्या पायाखाली बेल्टचं लोंबतं टोक आलं होतं हे मला उजवा पाय उचलल्यावर कळलं. पाय गेला तो थेट स्टुलावरच्या ट्रेला लागला. ट्रेमध्ये कैरीच्या पन्ह्याने भरलेले ग्लास होते. ते वर गेले, आणि मी खाली बसल्यावर माझ्याच अंगावर आले!

"लागलं का वं?" सासूबाई धावल्या. आणि मध्येच थांबल्या. "अवं रेखा, हे पाह्य! हिचा पट्टा पिवळा होऊन राह्यला!"

खरंच होत होता. जिथे जिथे आंबट पन्हं पडलं, तिथे तिथे लाल रंग उतरून पुन्हा पिवळा उमटत होता. भर पाहुण्यांत मी एकेक इंच खालच्या बेल्टवर येत होते!

रेखाताईंनी वाकून वास घेतला. "आई, याले तर हळदीचा वास येते."

"टाक, आणखी एक गिलास टाक," सासूबाई म्हणाल्या. "पांढरा होते का पाहू!"

जावईबापू हसता हसता खुर्चीतून घसरले. वैशाली मात्र म्हणाली, "अहो आई, माझ्या हातून ताईंच्या बेल्टवर हळद सांडली होती..." आणि पुढचं खोटं जमेना, तेव्हा ती माझ्या शेजारी पन्ह्यातच फतकल मारून बसली आणि पोट धरून हसायला लागली. मग मलाही आवरेना. आम्ही दोघी चिकट होईपर्यंत हसलो.

त्यानंतर रोज संध्याकाळी ती मला गच्चीवर घेऊन जायची. "ताई, गुडघा वर. ताई, रांगोळी नको." तिने मला रागावून रागावून तयार केलं, आणि पुढच्या परीक्षेत मी पास झाले. स्वतःच्या पायांवर, खराखुरा पिवळा बेल्ट! वैशालीला त्याच दिवशी नारिंगी मिळाला. (मी तिचं अभिनंदन केलं. दात जरा आवळलेले होते, पण केलं.)

घरी येऊन मी बेल्ट सासूबाईंच्या हातात ठेवला आणि पाया पडले. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, नाकाशी नेऊन हुंगला. मग आत बघून हाक मारली, "वैशाली, कपड्याचा साबण आण वं!"