दामूमास्तरांच्या कथेचं शेवटचं पान

करंजाच्या तरीच्या होडीतून आलेल्या कोळणीनं पाटी उतरवता उतरवता सांगितलं, "थलचा दामूमास्तर गेला रं... तापानं." मी तेव्हा उरणच्या छापखान्यात सभेच्या पत्रकाचे खिळे जुळवत होतो. हात थांबला नाही. महिना उलटला, तरी त्याची लाज वाटते.

दामू माझा शाळासोबती. थळला प्राथमिक शिक्षक होता आणि परग्रहांवरच्या गोष्टी लिहायचा. त्या गोष्टींत यंत्रं क्वचितच असत. असत त्या भाषा. एका ग्रहावर खोटं बोलायला शब्दच नाहीत, दुसऱ्यावर माणसं नुसत्या वासांनी बोलतात. "म्हणजे आपलं सुक्या मासळीचं थळच की!" मी म्हणायचो. मग चिडायचो, "मिठागरात माणसांच्या पायांची सालं निघतायत, आणि तू आभाळात भाषा शोधतोस?" तो हसायचा. "पत्रक्या, तुझ्या माणसांना मालक गप्प करतो. माझ्या माणसांना कोण करतो, ते बघतोय."

मी काढत असलेल्या मासिकासाठी त्यानं दिलेली शेवटची गोष्ट अशी होती. त्या ग्रहावर माणूस मेला की त्याचा आवडता शब्द त्याच्यासोबत पुरायचा, पुन्हा कुणी उच्चारायचा नाही. भाषा आटत जाते. अखेर एक म्हातारी उरते आणि तिच्यापाशी एकच शब्द. तो शब्द शेवटच्या पानावर होता... मला तो शेवट पराभूत वाटला. साहित्यानं माणसाला उभं केलं पाहिजे, हे मी पत्रकांतूनच शिकलो होतो. ते पान मी काढलं आणि दामूला न विचारता स्वतःचा शेवट जुळवला: लोक उठाव करतात, थडगी उकरून शब्द परत आणतात. अंक पोचल्यावर दामू आला. "शेवटी सभा छान झाली रे," एवढंच बोलला. जाताना म्हणाला, "माझं पान तेवढं दे." "शोधतो," मी म्हटलं. त्यानंतर त्यानं एक ओळ लिहिली नाही.

बाराव्यानंतर थळला गेलो. त्याची थोरली बहीण, यमुनाक्का, वाळत घातलेले बोंबील उलटत होती. म्हातारीचा शब्द कोणता, असं मी विचारलं.

"मना काय ठाव? सगली गोष्ट वाचून दावायचा. म्हातारीपाशी आला का गप. म्हनं, म्होरलं छापून आल्यावर ऐक." तिनं हातातला बोंबील खाली ठेवला. "तुज्याकडं हाय ना त्यो कागुद?"

नव्हता. अंक निघाला तेव्हा कागद मिळत नव्हता आणि त्या पानाची पाठ कोरी होती. तिच्यावर मी मिठागर कामगारांच्या सभेची हाक लिहिली आणि पान नाक्यावरच्या भिंतीला खळीनं चिकटवलं. दामूचं अक्षर भिंतीकडे, माझं रस्त्याकडे. तो शब्द वाचलेला माणूस मी एकटाच... आणि मला तो आठवत नाही.

थळहून परतल्यावर बादलीभर पाणी घेऊन त्या भिंतीपाशी गेलो. वर पत्रकांचे थर चढलेले, बहुतेक माझेच. भिजवून नखानं एकेक सोडवत गेलो. सर्वांत खालच्याचा हातात लगदा झाला. चुन्यावर निळ्या शाईचा पुसट डाग तेवढा उरला आहे.

छापखान्यात जाताना रोज तिथं थांबतो. शब्द काही लागत नाही. पण त्या जागेवर आता कुणाला पत्रक लावू देत नाही.