आग विझल्यानंतर

“आधी बाहेर या, मग बोलू.” मॅडमचं हे वाक्य आमच्या कोलशेतच्या सोसायटीत सगळ्यांना पाठ होतं. कुणाकडे गॅसचा वास आला की तिसऱ्या मजल्यावरून त्यांची हाक यायचीच. इमारतींची मजबुती तपासणाऱ्या इंजिनियर होत्या त्या. रिटायर झाल्या, पण त्यांची भीती काही रिटायर झाली नाही, असं म्हणून आम्ही हसायचो. तुमच्याही सोसायटीत असं कुणीतरी असेल.

एका सकाळी रिव्हर्स घेताना पाण्याचा टँकर पार्किंगमधल्या कोपऱ्याच्या पिलरवर आदळला. काँक्रीट फुटून सळया बाहेर आल्या. शेजारचा मीटर बोर्ड तुटला, ठिणग्या उडाल्या आणि ओळीने लावलेल्या स्कूटरी पेटल्या. आम्ही सगळे धावत खाली आलो. बंबवाल्यांनी बऱ्याच वेळाने आग विझवली. ते पाईप गुंडाळतायत तोवर लोक जिन्याकडे निघाले.

मॅडम पहिल्या पायरीवर वाट अडवून बसल्या.

“आग विझली ना? आता काय?” पाचव्या मजल्यावरचे काका चिडले.

“पिलर आधीच फुटलाय, त्यात तासभर भाजलाय. सळई तापली की मऊ पडते. तो बसला की त्याचं वजन शेजारच्यावर, आणि तोही भाजलेला. मग वरचे मजले थांबत नाहीत.”

“माझ्या आईची औषधं वर आहेत हो!”

“मेडिकलमधून मी आणून देते. वर कुणी जाणार नाही.”

“डोक्यावर पडलीय बाई,” मागून कुणीतरी म्हणालं. मॅडमनी ऐकलं, पण हलल्या नाहीत. तिथूनच त्यांनी बंबाच्या साहेबांना हाक मारून पिलरवरची चीर दाखवली. साहेबांनी लगेच दोरी बांधायला लावली.

दुपारी आम्ही समोरच्या शाळेत वडापाव खात होतो. आधी कडकड झाली, मग खडी ओतल्यासारखा आवाज. तळापासून सातव्या मजल्यापर्यंत अख्खा कोपरा खाली आला. त्यातच मॅडमचं घर होतं.

धुळीतून त्या एकेका कुटुंबाला हाका मारत फिरल्या. सगळे आहेत म्हटल्यावर मगच त्यांनी वर पाहिलं.

“आईचा फोटो राहिला रे,” एवढंच म्हणाल्या. काकांनी त्यांना खुर्ची आणून दिली.

मग त्या मोहने गावात भाचीकडे राहायला गेल्या. नवी बिल्डिंग उभी राहताना दुखरे गुडघे घेऊन रिक्षाने यायच्या, साइटवरच्या इंजिनियरशी कडाकडा भांडायच्या आणि चहा न घेता परत जायच्या.

आम्ही राहायला आलो, तोवर त्या वारल्या होत्या. त्यांच्या वाट्याचं नवं घर भाचीने अजून कुणाला दिलेलं नाही. संध्याकाळी खालून पाहिलं, की सगळ्या बिल्डिंगीत तेवढीच एक खिडकी काळोखी दिसते.