न वाचलेली उंची

आधीच सांगून टाकते, या सदरातले अनुभव मी वाचते ते चुका काढायला. बंद घड्याळ आपोआप चालू झालं असं कुणी लिहिलं की मी म्हणते, सेल हलला असेल. कपाटावरचा जुना रेडिओ मध्येच बोलायला लागला... लूज कॉन्टॅक्ट. माझा नवरा म्हणतो, तुझ्यासमोर भूत उभं राहिलं तरी तू त्याची वायर शोधत बसशील. खरंय त्याचं. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी प्रेशर गेज तपासते. काटा जे दाखवतोय ते खरं आहे का, एवढंच बघायचं काम. त्यात माझा एक हट्ट आहे — स्वतःच्या डोळ्यांनी वाचला नाही तो आकडा मी लिहीत नाही. अंदाजानं नाही, मागच्या वेळी इतका होता म्हणून तर मुळीच नाही. कामावरचे लोक वैतागतात माझ्यावर. तर असली मी बाई, आज इथं लिहितेय.

गोष्ट माझ्या मोठ्या भावाची आहे. भास्करदादाची. आम्ही शेतकरी घरातले, दोघंही नोकरीला म्हणून शहरात आलो आणि पुंडलिकनगरला शेजारच्या गल्ल्यांत राहायला लागलो. दादाला नाद ग्लायडरचा. म्हणजे बिनइंजिनाचं विमान. लांब केबलनं पतंगासारखं ओढून वर सोडायचं आणि मग तापलेली हवा जिथं वर चढत असेल तिथं घिरट्या घालत उंची मिळवायची. गावाकडं गेला की म्हातारी माणसं विचारायची, "भास्कर, तुझं ते इमान डिझेल बी खात नाय म्हनं?" दादा हसायचा. चार-पाच हौशी लोकांनी पैठणच्या बाजूला भाड्याच्या जागेत मुरमाची धावपट्टी केली होती, पत्र्याची शेड उभारली होती आणि दोन माणसं बसतील असं एक जुनं ग्लायडर घेतलं होतं.

त्याच्या कॉकपिटमधली यंत्रं बिघडली की दादा मला बोलवायचा. सगळ्यात महत्त्वाचं यंत्र म्हणजे व्हेरिओ. तापलेली हवा डोळ्यांना दिसत नाही, ती हे यंत्र कानाला ऐकवतं. ग्लायडर वर चढत असेल तर टुक-टुक-टुक, जितकं जोरात चढेल तितकी घाई. खाली जात असेल तर एक लांब रडका सूर. दादा म्हणायचा, "सुमे, हा टुक-टुक एकदा वर जाऊन ऐक. जमिनीवर त्याला काय मजा नाय." मी म्हणायचे, पुढच्या रविवारी. मला उंचीची भीती वाटते हे त्याला माहीत होतं, म्हणून त्यानं कधी जबरदस्ती केली नाही.

मग दादाच्या छातीत दुखायला लागलं, दोन स्टेंट पडल्या आणि पायलटची मेडिकल काही पास झाली नाही. त्यातच धावपट्टीची जागा प्लॉटिंगवाल्यानं घेतली. क्लब गुंडाळायचं ठरलं, ग्लायडर परराज्यातल्या कुणाला तरी विकलं. सोमवारी ते ट्रेलरवर चढणार होतं. रविवारी शेवटचं उड्डाण. दादाला एकट्याला उडता येत नव्हतं, पण क्लबचे शेख सर, जुने इन्स्ट्रक्टर, त्याला पुढच्या सीटवर बसवून नेणार होते. महिनाभर दादा दुसरं काही बोलत नव्हता. वहिनी मला म्हणाली, "जाऊ द्या त्यांना ताई. ते नाय झालं तर लई कुढतील."

आणि रविवारी सकाळी फोन. "सुमे, व्हेरिओ बोंबलतंय. जमिनीवर उभं असताना सांगतंय की चढतोय."

मी टूलबॉक्स घेऊन गेले. भर एप्रिल, शेडचा पत्रा तापून कडकड वाजत होता. शेख सर आधीच तोंड पाडून उभे. म्हणाले, "देखो सुमनताई, मीटर झूठ बोल रा तो मैं नक्को बोलूंगा. दिल का पेशंट है, ऊपर जाके कुछ हुआ तो?" त्यांचं चूक नव्हतं. एक यंत्र खोटं बोलत असेल तर बाकीच्यांचा तरी भरवसा काय. आणि चारनंतर हवा मरते, वर चढायची थांबते, म्हणजे चारच्या आत मला काय ते शोधायचं होतं.

मी माझ्या पद्धतीनं लागले. बॅटरी बघितली, ठीक. टर्मिनल घासून काढली, फ्यूज बदलला. फरक नाही. मग शेपटीकडून हवा आणणारी नळी बघितली, तर तिच्या तोंडाशी कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं. मला इतका आनंद झाला की विचारू नका. सापडला बघ तुझा चोर, म्हणून दादाला ओरडून सांगितलं. माती काढली, सिरिंज लावून नळी तपासली, कुठं गळत नव्हती. जोडलं सगळं, तर टुक-टुक चालूच. आता मात्र मी हात टेकायच्या बेताला आले. शेवटी व्हेरिओच्या आणि उंची दाखवणाऱ्या काट्याच्या मागच्या सगळ्या नळ्याच काढून टाकल्या. दोन्ही यंत्रं चालतात हवेच्या दाबावर, वर जावं तसा तो कमी होतो; आता ती बाहेरचं काही घेणार नाहीत, फक्त कॉकपिटमधली हवा मोजतील. तसं केल्यावर व्हेरिओ गप्प झालं. उंचीचा काटा मी शून्यावर लावला.

दादा तेव्हा पुढच्या सीटवर बसला होता. सकाळपासून तिथंच होता तो, पट्टेबिट्टे बांधून. शेख सर केबलच्या यंत्राकडं, धावपट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला गेले होते. शेडमधून वाऱ्याची झुळूक जात होती, तिनं रीडिंग हलायला नको म्हणून मी म्हटलं, "बसलाच आहेस तर वरची काच लाव." दादानं कॅनोपी ओढून घेतली, आतून खिट्टी लावली.

थोड्या वेळानं टुक-टुक सुरू झालं.

आधी सावकाश, मग घाईनं. मी काचेतून बघितलं तर उंचीचा काटा हलत होता. तो साधा यांत्रिक काटा आहे हो, त्याला ना बॅटरी ना वायर. तो पाचशे फुटांच्या पुढं गेला एवढं मी पाहिलं. आणि दुसरं कुणी असतं तर तिथंच उभं राहून बघत बसलं असतं. मी काय केलं, तर शेपटीकडं धावले. कुठल्या तरी नळीत हवा शिरतेय, एवढंच माझ्या डोक्यात. नळ्या सुट्या आहेत, मीच काढल्यात, हेसुद्धा त्या घाईत सुचलं नाही. तिथं काहीच नव्हतं. झुळूकही थांबली होती.

परत आले तर टुक-टुक इतकं घाईनं वाजत होतं की तसं मी कधी ऐकलं नव्हतं. दादाचे डोळे मिटलेले. एक हात विमान वळवायच्या दांड्यावर, हलकाच ठेवलेला, आणि अंग किंचित उजवीकडं कललेलं. वळणात माणूस बसतो ना, तसं. चेहरा असा निवांत की आजारपणानंतर मी तसा पाहिलाच नव्हता. आता मनात येतं, त्या वेळी नुसतं उभं राहायला मला काय झालं होतं? पण नाही. मला फॉल्ट शोधायचा होता. कॅनोपीला हात जाईल एवढी सरकती खिडकी असते. ती मी सरकवली.

सूंऽऽ असा बारीक आवाज झाला आणि माझ्या मनगटाला गार हवा लागली. एप्रिलात, तापलेल्या पत्र्याखाली. आत हात घालून मी खिट्टी काढली, तेवढ्यात दादाच्या बाजूच्या कप्प्यातली पाण्याची रिकामी बाटली कडकड करत आत चेपली. व्हेरिओनं एकदा तो लांब रडका सूर काढला आणि गप्प झालं.

दादानं डोळे उघडले. कानावर हात दाबला, आवंढा गिळला, जसं घाट उतरताना कान बंद झाले की करतो आपण. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "खाली आणलंस व्हय गं मला."

रागानं नाही म्हणाला. राग आला असता तर बरं झालं असतं.

मी बावचळून उंचीचा काटा बघितला. तो शून्यावर होता.

"किती झाली होती उंची?" दादानं विचारलं. "मी डोळे मिटले होते. पाणी प्यालो, बाटलीला बूच लावलं, तवर चढतच होतो."

"मी शेपटीकडं होते रे," म्हटलं. "आकडा नाही बघितला."

मी सगळ्या नळ्या परत जोडल्या. व्हेरिओ आता शहाण्यासारखं वागत होतं, एक टुक नाही. शेख सर आले, विचारलं, "ठीक हुआ क्या?" दादा माझ्या तोंडाकडं बघत होता. एक "हो" म्हणायचं होतं मला. पण बिघाड कशानं होता ते कळलंच नव्हतं, मग ठीक झालं असं सांगणार कसं? सांगता येत नाही, म्हटलं. शेख सरांनी नकारार्थी मान हलवली. चार वाजून गेल्यावर त्यांनी पंख उतरवायला घेतले.

परतताना गाडीत मी रडले. दादानंच समजूत घातली. "राहू दे गं. मी आलो जाऊन. तू फक्त आकडा बघायला पायजे होता."

हवा तापून नळी फुगते, काटा चिकटतो, सगळं मला माहीत आहे. पण कॅनोपी काही हवाबंद नसते, तिच्या कडेनं बोट फिरवलं तर वारा लागतो. तिच्यातली हवा विरळ आणि गार कशी होईल? मी महिनोन् महिने डोकं खाजवलं. ग्लायडर घेणाऱ्यालाही फोन केला. तो म्हणाला, व्हेरिओ एकदम मस्त चालतंय.

दादा मात्र तो आकडा विसरला नाही. गप्पा मारता मारता मध्येच विचारायचा, "सुमे, तुला काय वाटतं, किती असेल?" त्याची आयुष्यातली सगळ्यात जास्त उंची पाच हजार फूट. त्याच्या पुढं गेलो होतो का, एवढंच त्याला हवं होतं. आणि मी दर वेळी तेच — पाहिला नाही तर कसा सांगू. दिवाळीनंतर त्याला दवाखान्यात ठेवलं, तिथंही त्यानं विचारलं. मी तेच उत्तर दिलं. तो हसला, म्हणाला, "व्हय. तू काय खोटं सांगनार."

दोन दिवसांनी दादा गेला.

तेरावं झाल्यावर टूलबॉक्स उघडला तर त्यात ती बाटली. तशीच चेपलेली, बूच घट्ट. त्या दिवशी मीच टाकली असणार, आठवत नाही. आणि तेव्हा डोक्यात आलं, जे एप्रिलातच यायला हवं होतं: दादानं बूच लावलं तेव्हाची विरळ हवा तिच्यात कोंडली गेली होती, म्हणूनच खाली येताच ती चेपली. कारखान्यात माझ्या टेबलावर हवा ओढायचा हातपंप आहे, गेज आहे. तसलीच दुसरी बाटली घेतली, बुचातून नळी घातली आणि ती तेवढीच चेपेपर्यंत हवा ओढली, दाब किती उतरला ते गेजवर वाचलं. जेवणाच्या सुट्टीतलं काम. थंडीतल्या गारव्यानं जेवढी चेपेल तेवढी सोडून दिली तरी हिशोब येतो सहा हजार फुटांच्या आसपास.

शेडमध्ये उभं असलेलं ग्लायडर सहा हजार फुटांवर कसं जाईल, मला माहीत नाही. कुणाला सुचत असेल तर कळवा, मी चुका काढणार नाही. आणि हा आकडा काही रीडिंग नव्हे, अंदाज आहे.

दादाला अंदाजही चालला असता.