पहिली आवृत्ती आणि पलंग

आमच्या समोरच्या दारावर प्रकाशन संस्थेची पाटी आहे. संस्था म्हणजे एक माणूस, एक टेबल आणि सासरी गेलेल्या मुलीच्या खोलीत छतापर्यंत रचलेले गठ्ठे. याच्या एकाही पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघालेली नाही, म्हणून सगळा मजला त्याला ‘पहिली आवृत्ती’ म्हणतो. तोंडावर म्हणतो. गृहस्थाला काही वाटत नाही.

छापलंय तरी काय? दातांच्या डॉक्टरची विरहगीतं. टकलाचा इतिहास. एक नाटक, त्यात सगळी पात्रं मासे. मधमाश्या कशा पाळाव्यात यावर एक जाडजूड ग्रंथ. लेखक आमच्याच वरच्या मजल्यावरचा, जन्मात मुंगी पाळली नाही. कुणीही बाड घेऊन आलं की हा डोळे मिटून म्हणणार, “याला वाचक आहे.” असेल बापडा कुठेतरी.

मुलगी बाळंतपणाला येणार म्हटल्यावर वहिनींनी कंबर कसली. “खोली मोकळी करा. मी रद्दीवाल्याला बोलावलंय.”

“रद्दीत एक पान जाणार नाही.”

“मग लेकीला काय टकलाच्या इतिहासावर झोपवू?”

बाई चिडून बोलल्या. यानं ते मनावर घेतलं. गठ्ठे सारखे रचले, वर फळी, फळीवर गादी. उशाशी विरहगीतं, पायाशी मासे, मधोमध मधमाश्या. मी मुद्दाम बघायला गेलो.

“हसा भाऊजी, हसा,” वहिनी म्हणाल्या. “पण डुगडुगत नाही हो.”

पोरगी आली ती पाठदुखीनं बेजार. कितीतरी रात्री झोप नाही. त्या पलंगावर दुपारी तिचा डोळा लागला आणि नेमकी बेल वाजली. बेल त्यांची, दार आधी मी उघडलं. ती सवय आहे.

शेतकी शाळेचा माणूस होता. “मधमाश्यांचं पुस्तक हवंय. असतील तेवढ्या प्रती द्या. गाडी खाली उभी आहे, आजच न्यायच्यात. नाहीतर मग दुसरं पुस्तक घेऊ.”

पहिली आवृत्ती जागच्या जागी थिजली. उभ्या आयुष्यात असं गिऱ्हाईक आलं नव्हतं. त्यानं मान वळवून खोलीत पाहिलं. लेक तोंड उघडं टाकून घोरत होती.

“आवृत्ती संपली,” तो हळूच म्हणाला.

“अरेरे. दुसरी कधी काढताय?”

“बाळंतपण झालं की.”

माणूस बुचकळ्यात पडून जिना उतरला. हा माझ्याकडे वळला, मान अशी ताठ की जणू खरंच संपली होती.

“ऐकलंत ना? आता मजल्यावर सांगा.”

सांगितलं. कुणाचाही विश्वास बसला नाही.