सुसाटबाईंचे चार टायर

ऑपरेशनआधी माणसाला भूल देणारी डॉक्टर कशी असावी? शांत, सावकाश, पेशंटच्या कानाशी हळू बोलणारी. सुसाटबाई तशाच होत्या, पण टेबलापाशी. हॉस्पिटलचं फाटक ओलांडलं आणि आपल्या लाल गाडीत बसल्या, की बाईंच्या अंगात वारं शिरायचं. गाडी दिसायला भाजी आणायला न्यावी एवढीशी, पण इंजिन असं पाजी की मोठमोठ्या गाड्यांनी मुकाट्याने बाजूला व्हावं. 'सुसाटबाई' हे नाव थिएटरमधल्या सिस्टरांनी ठेवलं होतं आणि बाईंना ते मनापासून आवडायचं. उगाच खोटं कशाला बोला!

यजमान गणिताचे मास्तर. रस्ता ओलांडतानाही उत्तर ताडून बघणारा माणूस. अशा दोघांचा संसार कसा झाला हे देवालाच ठाऊक, पण झाला आणि चांगला झाला. भांडण एकच, ते या गाडीवरून.

आणि एक दिवस त्या भांडणात मास्तरांच्या हाती हुकमाचा एक्काच लागला. चूक बाईंची, यात वाद नाही. या गाडीत इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर येतो, त्यामुळे पुढचे टायर लवकर झिजतात. बाईंनी काय करावं? पुढे दोन नवेकोरे, भारीतले टायर घातले आणि मागे जुनेच ठेवले. "मागच्यांना काय काम आहे? नुसतं मागून यायचं!" असं वर हसून म्हणाल्या. सगळे असंच करतात, म्हणून त्यांनीही केलं.

मग एका ओल्या सकाळी, वळणावर, शेजारी बसलेले मास्तर "अगं, हळू!" म्हणून ओरडले. बाईंनी दचकून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. गाडीचा सगळा भार पुढे गेला, पुढच्या नव्या टायरांनी रस्ता घट्ट धरला, मागच्या गुळगुळीत टायरांनी सोडून दिला, आणि गाडी गर्रकन फिरून आल्या वाटेकडे तोंड करून उभी राहिली. समोरून कोणी आलं नाही हे नशीब.

मग मास्तर म्हणाले, "पुढचं पाठ, मागचं सपाट! वर्गात पोरांना रोज सांगतो, घरात कोण ऐकतंय?"

संध्याकाळी त्यांनी निकाल दिला. "गाडी विकायची."

बाई कडाकडा भांडल्या असत्या, पण मास्तर त्या दिवशी शाळेतून रिक्षाही न करता पायी घरी आले होते, ते त्यांनी पाहिलं होतं. खरं सांगायचं तर त्याही घाबरल्या होत्या. पण गाडी विकायची? दिवसभर दुसऱ्यांचे श्वास सांभाळून झाल्यावर स्वतःसाठी घेतलेला एक मोकळा श्वास होता तो! त्यांना रडूच आलं.

"एक संधी द्या," त्या म्हणाल्या. "चारही टायर बदलते. आमचे मोटार क्लबवाले रविवारी विमानांच्या जुन्या धावपट्टीवर पाणी मारून गाड्या पळवतात, तिथे दाखवते."

मास्तरांनी विचार केला. "मी शेजारी बसणार. तोच वेग, तसंच वळण, आणि मी सांगेन तिथे पाय काढायचा. फिरली तर विकायची."

"आणि नाही फिरली तर?"

"तर बघू."

टायरच्या दुकानात क्लबमधला एक दाढीवाला आधीच हजर. असे लोक फुकटचा सल्ला द्यायला कुठूनही उगवतात. "मॅडम, डोळे झाकून हेच घ्या," म्हणत त्याने शर्यतीच्या ट्रॅकवरचे टायर पुढे केले. काळेभोर, रुंद, अंगावर खाचा जेमतेम. "डिंकासारखे चिकटतात!"

"चिकटतात की," दुकानदार म्हणाला, "पण चांगले तापल्यावर. आणि पाणी कुठून बाहेर काढणार? खाचाच नाहीत."

"अहो, रुबाब बघा ना!" दाढीवाला म्हणाला.

रुबाब होताच. बाईंचा हात त्या टायरवरून निघेना. गाडी कशी दिसेल, फाटकावरचा पहारेकरी कसा बघत राहील, सगळं डोळ्यांसमोर आलं. मोह वाईट हो! मग त्यांनी स्वतःलाच एक टपली मारली. धडधाकट पहिलवानाचा डोस आपण कधी दुसऱ्याला देतो का? टेबलावर जो पेशंट आहे, त्याचं वजन बघून औषध. आणि आपला पेशंट रोज सकाळी थंड रस्त्यावरून हॉस्पिटलला जातो, ओल्यातून परत येतो. ट्रॅकवर तो वर्षातून किती वेळा जाणार?

"रस्त्यावरचेच द्या," त्या म्हणाल्या. "वेगाचे, पण खोल खाचांचे. कंपनीने सांगितलेल्याच मापाचे. आणि चारही एकसारखे."

दाढीवाल्याचं तोंड कडू काढा प्यायल्यासारखं झालं. दुकानदार मात्र खूष. "नव्या टायरवर गुळगुळीत थर असतो," त्याने बजावलं. "तो जाईपर्यंत जपून चालवा."

मग काय, आठवडाभर बाई गोगलगाईसारख्या हॉस्पिटलला जात होत्या. सिस्टर विचारायला लागल्या, "मॅडम, बरं नाही का?"

रविवारी धावपट्टीवर टँकरने पाणी मारलं होतं. मास्तर पट्टा आवळून बसले, चेहरा परीक्षेच्या हॉलमधल्यासारखा. दाढीवाला आपल्या ट्रॅकच्या टायरांवर आधी गेला आणि पहिल्याच वळणावर घसरत थेट वळण आखायला मांडलेल्या प्लास्टिकच्या शंकूंमध्ये घुसला. ते बघून बाईंनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

त्यांनी गाडी सोडली. वेग चढला, वळण आलं, स्टिअरिंग वळवलं. पाणी काचेवर उडत होतं. आणि ऐन वळणात मास्तर म्हणाले, "काढ पाय."

बाईंचा पाय क्षणभर जागचा हलेना. विकायचीच पाळी आली तर? मग त्यांनी दात-ओठ खाऊन पाय उचलला. गाडीने नाक किंचित आत घेतलं, मागची बाजू एकदा हलली, सावरली, आणि लाल गाडी वळणातून सरळ बाहेर पडली.

"जमलं!" बाई ओरडल्या. "अहो, जमलं!"

मास्तर म्हणाले, "एकदा जमणं म्हणजे योगायोग. पुन्हा."

पुन्हा जमलं. त्यानंतरही जमलं. आता मास्तरांचा हात दारावरच्या दांडीवरून सुटला होता. "थोडी जोरात घे की! घाबरतेस काय?" असं ते म्हणाले, आणि बाईंना हसू आवरेना. कडेला उभे असलेले क्लबवाले टाळ्या वाजवत होते, दाढीवालासुद्धा.

शेवटी गाडी थांबली. मास्तर उतरले, चष्मा पुसला, वळसा घालून बाईंच्या बाजूला आले आणि दार उघडून उभे राहिले.

"विकायची नाही," ते म्हणाले.

"बरं."

"आणि तिकडे सरक. आता मी चालवणार."