खाजामियाँनं चावी दिली

आमच्या लातूरच्या गल्लीत खाजामियाँ पिंजाऱ्याइतका हेकट माणूस न्हाई. गाद्या भरायचं त्याचं दुकान माझ्या दुकानाला लागून, म्हणून मी हे हक्कानं सांगतो.

भूकंपात घरं गेलेल्या बायांसाठी ह्यानंच मशिदीच्या बाजूची खोली उघडून दिली. तवा हा मशिदीच्या कमिटीचा सदर, म्हंजे अध्यक्ष, होता. बाया पुढं आपापल्या घरी गेल्या, पण खोली बायकांचीच राहिली. त्याची बायको बेगमबी तिथं पोरींना कुराण शिकवायची. उमरी-हदगावकडून क्लासला आलेल्या पोरी तिथंच नमाज पढायच्या, तिथंच अभ्यास करायच्या.

सदर नेमायचा न्हाई, हात वर करून निवडायचा, हा हट्ट पन ह्याचाच. दरवेळी हाच निवडून यायचा. मी चिडवायचो, "मग काय, तुला लोकशाही गोडच लागनार!"

मग मिसर देशात, म्हंजे इजिप्तमधी, मतांनी आलेलं धर्मवाल्यांचं सरकार फौजेनं उलथवलं. त्याचा पुतण्या वकार, क्लासमधी फिजिक्स शिकवतो, तो खुश झाला. असल्यांच्या हाती राज्य नकोच, म्हणाला. खाजामियाँ भडकला. ती मंडळी त्याला बी पटत न्हवती. पन मतानं आले तर मतानंच जाऊ द्या, फौज कोन लागून गेली, हे त्याचं म्हननं.

त्याच वर्षी मशिदीची निवडनूक लागली. अबुजर नावाचा गडी खाजामियाँच्या विरोधात उभा राहिला. बायकांनी घरीच नमाज पढावी, ती खोली बंद करावी, हे तो उघड बोलायचा. आन् निवडून आला की हो! माझा तर जीवच जळला.

वकार धावत खाजामियाँच्या दुकानात आला. खोलीची चावी देऊ नका, अर्धी गल्ली तुमच्या बाजूनं हाय, म्हणाला.

खाजामियाँ म्हणाला, "मग त्या फौजेत आन् माझ्यात फरक काय राहिला?"

त्यानं चावी अबुजरच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप लागलं. खरं सांगतो, मला त्याचा अभिमान वाटला. तसं मी बेगमबीभाबीला बोलून दाखवलं. भाबी एरवी नवऱ्याशी दखनी उर्दूत बोलायची, पन त्या दिवशी मराठीत बोलली, म्हंजे मला बी कळावं.

"चावी दिली, बरं केलं. पन खोली आमची होती. इतक्या वर्षांत मताला आमचा हात कुनी मोजला?"

खाजामियाँ हातातला कापूस तसाच धरून बसला.

पुढचं वकारनं सांगितलं. जुम्म्याची, म्हंजे शुक्रवारची, नमाज झाल्यावर खाजामियाँ सगळ्यांपुढं उभा राहिला. पुढच्या बारीला बायकांची बी मतं घ्या, म्हणाला. लोक हसले. अबुजरनं विचारलं, तुम्ही एवढी वर्षं सदर होता, तुम्ही का घेतली न्हाईत?

"चुकलो," खाजामियाँ म्हणाला, आन् खाली बसला न्हाई.